बोअरच्या जागेसाठी रेझिस्टिव्हिटी घेताना

‘पाणी किती फुटांवर लागेल आणि किती इंची लागेल?’ शिवारात रेझिस्टिव्हिटी मीटरची पेटी उघडायच्या आत हा प्रश्न येतोच. दोन्हींचं सरळ उत्तर त्या पेटीत नसतं. यंत्र फक्त दोन गोष्टी मोजतं: जमिनीत सोडलेला करंट आणि त्यामुळे दोन खुंट्यांमध्ये आलेलं व्होल्टेज. त्यांचा भागाकार, म्हणजे रोध, आणि खुंट्यांमधली अंतरं यांवरून जमिनीची विद्युत रोधकता, म्हणजे रेझिस्टिव्हिटी, ओहम-मीटरमध्ये निघते. तिथून पुढे ‘हा मुरूम’, ‘हा कातळ’, ‘इथे पाणी असावं’ हे सगळं माणसाने लावलेलं. हातावर नारळ ठेवून फिरणारा पाणाड्या आणि आलेख न काढताच ‘दोनशे फुटांवर दोन इंच’ सांगून पैसे घेणारा यंत्रवाला, यांच्यात आम्ही फारसा फरक करत नाही.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग दख्खनच्या बेसॉल्टवर बसला आहे. इथे वाळूच्या मोठ्या थरात साठलेलं पाणी शोधायचं नसतं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण, आणि मध्येच एखादा तांबड्या गेरूचा पट्टा. लाव्हाचा एक थर संपला की दुसऱ्याची हीच रचना थोड्याफार फरकाने पुन्हा सुरू. पाणी मिळतं ते मुरमात, भेगाळलेल्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. घट्ट काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ नसतंच, आणि त्याची रोधकता भरपूर असते. एवढ्या फरकावर ही सगळी पद्धत उभी आहे.

मल्टीमीटरच्या दोन पिना जमिनीत खुपसून हे का जमत नाही, हे एकदा आकड्यांत बघावं. समजा 16 मिलिमीटर व्यासाची सळई 30 ओहम-मीटरच्या जमिनीत 20 सेंटिमीटर ठोकली. जमीन ओली आणि सळई घट्ट असली तरी त्या एका सळईचा जमिनीशी संपर्करोध साधारण 86 ओहम येतो, दोन सळयांचा मिळून 172. कोरड्या, भुसभुशीत मातीत तो सहज हजारांत जातो. आता आपल्याला हवा असलेला आकडा बघा. करंटच्या दोन खुंट्या 200 मीटर अंतरावर, मधल्या दोन खुंट्या 10 मीटर अंतरावर, आणि जमीन सरासरी 30 ओहम-मीटरची, तर मिळणारा रोध फक्त 0.0096 ओहम असतो. 172 ओहमच्या आत दहा मिलिओहमही न भरणारी गोष्ट शोधायची म्हणजे अशक्यच. म्हणून खुंट्या चार लागतात. बाहेरच्या दोन, ए आणि बी, करंट सोडतात. आतल्या दोन, एम आणि एन, फक्त व्होल्टेज बघतात. व्होल्टमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे एम-एनचा संपर्करोध हिशेबातून गळून पडतो. ए-बीचा संपर्करोध करंट किती जाईल ते ठरवतो, पण जो जातो तो आपण मोजतोच.

चार खुंट्यांची समान अंतराची मांडणी फ्रँक वेनर यांच्या नावाने ओळखली जाते; अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये त्यांनी 1915 च्या सुमारास ती मांडली. तिचं सूत्र सुटसुटीत आहे: 2 गुणिले पाय (π) गुणिले अंतर गुणिले रोध. सबस्टेशनच्या अर्थिंगसाठी माती मोजणारे आजही हीच वापरतात. पाण्याच्या कामाला आम्ही श्लंबर्जर मांडणी घेतो. कॉनराड श्लंबर्जर यांनी 1912 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीत जमिनीत करंट सोडून असे प्रयोग केले होते. या मांडणीत एम-एन मध्याजवळ राहतात आणि बहुतेक वाचनांना फक्त ए-बी लांब सरकवावे लागतात. माणसं कमी पळतात, आणि एम-एनखालच्या मातीच्या खोडीही लवकर पकडता येतात. सूत्र असं: ए-बीच्या निम्म्या अंतराचा वर्ग, त्यातून एम-एनच्या निम्म्याचा वर्ग वजा, गुणिले पाय, भागिले एम-एन. हा झाला गुणक; मिळालेल्या ओहमला त्याने गुणलं की ‘भासमान’ रोधकता हाती येते. भासमान म्हणायचं कारण, ती कोणत्याही एका थराची नसून करंट जिथून जिथून गेला त्या सगळ्यांची मिळून असते.

शिवारात पोचल्यावर पहिली रेषा आम्ही शेतकऱ्याने दाखवलेल्या जागेवर टाकत नाही. आधी जवळची उघडी, न बांधलेली विहीर गाठतो. तिच्या भिंतीत माती कुठे संपली, मुरूम किती हात आहे, गेरूचा तांबडा पट्टा कुठे दिसतो, पाझर कुठून फुटतो हे टेप सोडून लिहून घेतो. मग विहिरीपासून पन्नासेक मीटर बाजूला एक पूर्ण वाचन, म्हणजे ए-बी टप्प्याटप्प्याने लांबवत घेतलेली सगळी मापं, घेतो. अगदी काठावर घेत नाही, कारण विहिरीची पोकळी स्वतःच आकडे बिघडवते. या एका वाचनाने त्या शिवारात मुरूम किती ओहम-मीटरचा आणि पाषाण किती ओहम-मीटरचा हे ठरतं. हे केलं नाही तर पुस्तकातली कोष्टकं वापरावी लागतात, आणि ती दुसऱ्याच कुठल्या तरी जमिनीची असतात. विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकताही खिशातल्या मीटरवर बघून ठेवावी. 500 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर म्हणजे ते पाणी 20 ओहम-मीटरचं, 1000 म्हणजे 10 ओहम-मीटरचं. या आकड्याचं काम पुढे पडतं.

रेषा कुठून न्यायची यात अर्धं यश आहे. ए ते बी 200 मीटर सरळ आणि शक्यतो सपाट जागा हवी. उतार असेल तर रेषा समपातळीवर, बांधाला समांतर घ्यायची. चढावर टाकलेल्या रेषेत एका टोकाखाली मुरूम जाड आणि दुसऱ्याखाली पातळ असतो, आणि सगळं गणित थर आडवे आहेत असं धरूनच केलेलं असतं. उच्चदाबाच्या तारा, लोखंडी पाइपलाइन, लोखंडी अँगलवरचं तारेचं कुंपण, पाण्याने भरलेला चर, हे सगळं टाळायचं. पाइपलाइन ओलांडण्यावाचून पर्याय नसेल तर काटकोनात ओलांडावी, समांतर कधीच जाऊ नये.

नाशिककडच्या द्राक्षबागांत तर कामच होत नाही. ओळीओळीला जमिनीत गाडलेले लोखंडी अँगल आणि त्यांना जोडणाऱ्या ताणलेल्या तारा. करंट जमिनीत जायच्या आधी मांडवातून फिरतो. ए-बी कितीही लांबवा, आकडा कमीकमीच येत राहतो आणि अननुभवी माणूस ‘खाली भरपूर पाणी’ असं लिहून मोकळा होतो. बागेच्या बाहेर पडीक जागा बघावी, नाहीतर नाही म्हणून सांगावं. पैसे घेऊन खोटा आलेख देण्यापेक्षा ते बरं.

सामान फार नसतं. रेझिस्टिव्हिटी मीटर, बॅटरी, स्टेनलेस स्टीलच्या साधारण अर्धा मीटर लांबीच्या चार-सहा सळया, चार रिळं, दोन हातोडे, दोन टेप, मिठाच्या पाण्याचे कॅन, क्लिपा आणि चिकटपट्टी. वायर एक चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, जाड आवरणाची घ्यावी. तांब्याची रोधकता 1.7 गुणिले दहाचा उणे आठवा घात ओहम-मीटर, म्हणजे अशा 100 मीटर वायरचा रोध जेमतेम 1.7 ओहम. वायर जाड घेऊन काही मिळत नाही, उलट रीळ उचलून माणूस थकतो. महत्त्वाचं आहे ते आवरण. माणसं पाच लागतात: यंत्रावर एक, ए आणि बीवर प्रत्येकी एक, एम-एनवर एक, आणि वहीवर एक. वही सांभाळणारा वेगळा हवा. जो यंत्र चालवतो त्यानेच लिहिलं तर विचित्र आकड्याकडे लक्ष जात नाही.

यंत्रावरून 200 ते 400 व्होल्ट जातात. ‘सोडतो’ आणि ‘बंद’ हे दोन शब्द सगळ्यांना ऐकू येतील असे ओरडायचे आणि टोकाकडून ‘हो’ आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. करंट चालू असताना सळईला हात नाही. टोकाजवळ गुरं असतील, पोरं असतील तर काम थांबवायचं. हे नियम कंटाळवाणे वाटतात, आणि दुपारी उन्हात नेमके हेच गळतात.

मध्यबिंदूवर खुंटी ठोकून टेप दोन्हीकडे सोडला की ए-बीचं निम्मं अंतर 3 मीटर, एम-एन 1 मीटर अशी सुरुवात. मग 4, 5, 6, 8, 10, 12, 15, 20, 25, 30, 40, 50, 60, 80, 100. अंतरं अशी वाढत्या टप्प्यांनी घ्यायचं कारण आलेख लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्ष पटीने वाढणारे) काढायचा असतो, आणि त्यावर हे बिंदू जवळपास सारख्या अंतरावर पडतात. एम-एन हे ए-बीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको. फार लहान ठेवलं तर व्होल्टेज हाती लागत नाही, म्हणून मध्ये ते वाढवावं लागतं: 10 वर एम-एन 1 वरून 4, आणि 30 वर 4 वरून 10. वाढवताना लागोपाठ दोन अंतरांवर जुन्या आणि नव्या, दोन्ही एम-एनने वाचन घ्यायचं. उदाहरणार्थ 10 मीटरवर एम-एन 1 असताना गुणक 313.4 आणि 4 केल्यावर 75.4. जमीन 15 ओहम-मीटर भासत असेल तर यंत्रावर आधी 0.048 आणि मग 0.199 ओहम दिसायला हवेत. गुणून दोन्ही 15 च्या आसपास आले तर पुढे जा. दोन्ही जागी सारख्याच प्रमाणात फरक आला, तर एम किंवा एनच्या खाली एखादा धोंडा किंवा मातीचा खळगा आहे. तो सगळा तुकडा आलेखावर वर किंवा खाली सरकवून जोडता येतो. एका जागी फरक आणि दुसऱ्या जागी नाही, तर ती जमिनीची गोष्ट नव्हे. कुठलीतरी क्लिप ढिली आहे किंवा टेप चुकीचा वाचला आहे.

लांब अंतरांवर खरी परीक्षा असते. मघाचंच उदाहरण घेऊ: 100 मीटरवर 0.0096 ओहम. 100 मिलिअँपिअर करंट सोडला तर एम-एनमध्ये मिळणार एक मिलिव्होल्टही नाही. आणि काहीही न सोडता एम-एनमध्ये जमिनीचं स्वतःचं व्होल्टेज दहा-वीस मिलिव्होल्ट असू शकतं. हे स्वविभव वजा करायला यंत्र करंटची दिशा उलटसुलट करतं आणि अनेक आवर्तनांची सरासरी देतं. सरासरीचा आकडा बघून पुढे जाऊ नये. आवर्तनांमधला फरक बघावा. आकडे पाच टक्क्यांपेक्षा जास्त डोलत असतील तर करंट वाढवायला हवा, म्हणजेच ए-बीचा संपर्क सुधारायला हवा. त्यासाठी सळई खोल ठोका, आजूबाजूची माती पायाने दाबा, मिठाचं पाणी ओता. तरी भागलं नाही तर हात-दीड हात अंतरावर, रेषेला काटकोनात, दुसरी आणि तिसरी सळई ठोकून तारेने जोडा. मात्र ए-बी 3-4 मीटरवर असताना सळया खोल ठोकू नयेत. सूत्र खुंटीला बिंदू मानतं, आणि जवळच्या अंतरावर वीतभर सळई म्हणजे बिंदू राहत नाही. दहा-पंधरा सेंटिमीटर पुरे. एम-एनला मिठाचं पाणी घालू नये, साधं घालावं आणि आकडा स्थिर व्हायला मिनिट-दोन मिनिटं द्यावीत. ज्या सळईतून नुकताच करंट सोडला तीच लगेच एम म्हणून वापरली तर तिच्यावर साठलेला प्रभार बराच वेळ आकडा हलवत राहतो. एम-एनच्या सळयांना आम्ही रंगीत फडकं बांधून ठेवतो, अदलाबदल होत नाही.

काळ्या मातीत एप्रिल-मेमध्ये भेगा पडलेल्या असतात. सळई भेगेत गेली तर दोन बाजूंनी हवा आणि एका बाजूला माती. ढेकळाच्या मधोमध ठोकावी. कोकणात उलटी अडचण: सड्यावरच्या जांभ्यात सळई शिरतच नाही. तिथे छोटं भोक पाडून त्यात चिखल भरावा लागतो, किंवा खाऱ्या पाण्यात कालवलेल्या चिखलाचा गोळा दगडावर थापून त्यात सळई आडवी बसवावी लागते. उन्हाळ्यात वरचा कोरडा जांभा हजारो ओहम-मीटर दाखवतो आणि सुरुवातीची सगळी वाचनं त्याचीच असतात. ती फेकू नका, पण त्यावरून घाबरूही नका.

वायरची गळती हा सगळ्यात फसवा दोष. आवरणाला ब्लेडच्या धारेएवढी चीर असते, सकाळी दव पडलेलं असतं, आणि करंटचा काही हिस्सा शेवटच्या सळईऐवजी मध्येच गवतात उतरतो. तो एम-एनच्या जवळ उतरला तर व्होल्टेज भलतंच वाढतं, कारण गुणक 100 मीटरचा लावलेला असतो आणि करंट मात्र 20 मीटरवरून शिरत असतो. थोडी गळतीसुद्धा आकडा दुप्पट करू शकते. तपासणी सोपी आहे: सगळ्यात लांबच्या अंतरावर असताना ए-कडच्या माणसाला क्लिप सळईवरून काढून हवेत धरायला सांगा, अर्थातच करंट बंद असताना आणि क्लिपच्या आवरणाला धरून, हातात रबरी मोजे घालून; मग करंट सोडा. शून्य यायला हवा. काहीही दिसलं तर रीळ हाताखालून काढत चीर शोधा, पुसा, चिकटपट्टी गुंडाळा. तीच तपासणी बीला. दिवसाच्या सुरुवातीला हे केलं तर दुपारची निम्मी डोकेदुखी टळते. करंटची वायर आणि एम-एनची वायर एकमेकींवर, शेजारीशेजारीही, टाकू नयेत. निदान मीटरभर अंतर राहू द्यावं.

अजून एक पारख आहे, ती थोडे लोक करतात. एखादं वाचन पटत नसेल तर ए-बी आणि एम-एनच्या जोड्या अदलाबदल करून मोजा: करंट आतल्या खुंट्यांना, व्होल्टेज बाहेरच्यांना. जमीन कशीही वेडीवाकडी असली तरी रोध तोच यायला हवा. नाही आला तर दोष जमिनीत नाही, सामानात आहे.

आलेख जागेवरच काढायचा. घरी जाऊन संगणकावर काढू म्हणणाऱ्याला तिसऱ्या दिवशी कळतं की 40 मीटरचा बिंदू उडालेला आहे, आणि तोपर्यंत रान नांगरून झालेलं असतं. आडव्या अक्षावर ए-बीचं निम्मं अंतर, उभ्यावर भासमान रोधकता, दोन्ही लॉग. बिंदू एकाआड एक वरखाली होत असतील तर काहीतरी बिघडलेलं आहे; जमिनीचा आलेख नेहमी गुळगुळीत वळतो. आणि एक पक्का नियम: थर आडवे असतील तर आलेख 45 अंशांपेक्षा तीव्र चढूच शकत नाही. खाली कितीही घट्ट पाषाण असो. त्याहून तीव्र चढ दिसला तर गळती, चुकलेलं अंतर किंवा बाजूला काहीतरी उभं, डाइकसारखं (खडकात घुसलेली उभी दगडी भिंत), आहे असं समजायचं.

या 45 अंशांच्या रेषेतून एक उपयोगी आकडा फुकटात मिळतो. चढत्या रेषेवरच्या बिंदूचं आडवं अंतर भागिले भासमान रोधकता, म्हणजे पाषाणावर बसलेल्या सगळ्या थरांची एकत्र वाहकता. समजा काळी माती दीड मीटर, 6 ओहम-मीटर. तिचा हिस्सा 0.25. खाली ओला मुरूम 8 मीटर, 20 ओहम-मीटर, त्याचा 0.4. बेरीज 0.65 सीमेन्स. हा आकडा आलेखातून चांगला पक्का निघतो. पण मुरमाचा 0.4 हा हिस्सा 8 मीटर भागिले 20 मुळे आला की 4 मीटर भागिले 10 मुळे, हे आलेख सांगू शकत नाही. दोन्हींचे आलेख एकमेकांवर ठेवले तर जवळजवळ तंतोतंत बसतात. आणि खाली प्रत्यक्षात असलेली वस्तू मात्र पूर्ण वेगळी: 20 ओहम-मीटरचा आठ मीटर मुरूम म्हणजे पाणी साठवणारा थर; 10 ओहम-मीटरचा चार मीटर म्हणजे बहुधा चिकण माती किंवा गेरू, ज्यात पाणी असतं पण ते सोडत नाही. संगणकाचा प्रोग्राम यातलं एक उत्तर निवडून चूक अर्धा टक्का आहे असं छापतो आणि माणूस खूश होतो. ती अर्धा टक्का चूक आलेख जुळण्यातली आहे, जमिनीतली नव्हे. हे कोडं विहिरीच्या भिंतीवर मोजलेल्या टेपनेच सुटतं.

बेसॉल्टमध्ये आम्ही मनात धरतो ते आकडे साधारण असे. काळी माती 3 ते 10 ओहम-मीटर. ओला, कुजलेला मुरूम 15 ते 40. भेगाळलेला किंवा सच्छिद्र खडक 40 ते 70 च्या आसपास. त्यावर 100, 200, कधी त्याहून बरंच जास्त म्हणजे काळा पाषाण. सीमा एकमेकींत मिसळतात आणि एका तालुक्याचे आकडे दुसऱ्यात चालत नाहीत. मांजऱ्या खडकाची भोकं झिओलाइट नावाच्या खनिजाने भरलेली असली तर आकडा ओल्या मुरमासारखा दिसतो, पण पाणी हलायला जागाच नसते. कमी आकडा म्हणजे जास्त पाणी हा समज इतका घट्ट बसला आहे की अहवालात नेमकी सगळ्यात कमी रोधकतेची जागा लाल शाईने दाखवलेली असते. बऱ्याचदा तिथे गेरू निघतो. बोअरमधून तांबडी भुकटी उडायला लागली की ओळखायचं.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात हा समज तर नुकसानच करतो. पूर्णा नदीच्या गाळात भूजल खारं आहे. तिथे 5 ओहम-मीटरच्या खाली गेलेला आलेख चिकण माती किंवा खारं पाणी दाखवत असतो, आणि दोन्ही नको असतात. तिथे चढत्या आकड्याचा वाळूचा पट्टा शोधावा लागतो. कोकण किनाऱ्यावरही तेच. समुद्राचं पाणी 0.2 ओहम-मीटरचं, त्याचा थोडा शिरकावही आलेख खाली ओढतो. विहिरीच्या पाण्याचा जो आकडा घेऊन ठेवला, तो इथे कामाला येतो. सच्छिद्र खडकाची रोधकता त्यात भरलेल्या पाण्याच्या काही पट असायला हवी. विहिरीचं पाणी 20 ओहम-मीटरचं आणि थर 8 चा भासत असेल, तर तिथे करंट पाणी नाही, चिकण माती वाहते आहे.

खोलीबद्दलचा गैरसमज यंत्रवाल्यांनीच पसरवला आहे. ए-बीचं निम्मं अंतर 100 मीटर घेतलं म्हणजे 100 मीटर खोलीचं कळलं, असं नाही. रॉय आणि अप्पाराव यांनी 1971 मध्ये दाखवलं की श्लंबर्जर मांडणीत सगळ्यात जास्त प्रभाव असलेली खोली ए-बीच्या एक अष्टमांश असते. म्हणजे ए-बी 200 मीटर असेल तर 25 मीटर. त्याखालचंही थोडं येतं, पण फिकं होत जातं, आणि वरची काळी माती जाड असेल तर करंट तिच्यातच अडकून राहतो. साठ मीटरच्या बोअरबद्दल काही म्हणायचं असेल तर ए-बी 400 ते 500 मीटर न्यावी लागते. लहान तुकड्यांच्या आपल्या शेतांत एवढी सरळ जागा शेजाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय मिळत नाही. आणि 50 मीटर खोलीवरची मीटरभर जाडीची भेग, जिच्यातून सगळं पाणी येणार असतं, ती वरून घेतलेल्या आलेखात दिसत नाही. हे शेतकऱ्याला आधी सांगावं, बोअर फसल्यावर नव्हे.

उभी भेग किंवा डाइक शोधायचा तर एका जागी खोल जाण्यापेक्षा वेनरची चार खुंट्यांची मांडणी ठरावीक अंतरावर, समजा 20 मीटरवर, ठेवून तीच रेषेवर 10-10 मीटरने पुढे नेत जावी. आकडा कुठे अचानक पडतो त्या ठिकाणी मग पूर्ण वाचन घ्यायचं. काम कंटाळवाणं आहे, पण कठीण खडकात एकट्या खोल वाचनापेक्षा याचा भरवसा जास्त.

अहवालात थरांची जाडी लिहिताना एक आकडा न लिहिता पल्ला लिहावा: मुरूम 6 ते 10 मीटर. मूळ वाचनं, म्हणजे ओहम, करंट आणि अंतरं, सोबत जोडावीत. नुसती भासमान रोधकता दिली तर दुसऱ्याला तपासता येत नाही. रेषेची दिशा आणि मध्यबिंदू कुठे होता हेही लिहावं, कारण महिन्याभराने बोअरची गाडी येते तेव्हा खुंटी कोणीतरी उपटलेली असते.

गाडी लागली की दर दहा फुटांना भुकटीची मूठ पिशवीत भरून चिठ्ठी टाकायची, पाणी कुठे दिसलं ती खोली लिहायची, आणि केसिंग (बोअरच्या वरच्या भागात उतरवलेला पाइप) किती फूट गेलं ते विचारायचं. केसिंग सहसा कुजलेला भाग संपून पक्का खडक लागेपर्यंतच उतरवतात, त्यामुळे मुरमाच्या जाडीचा त्याहून स्वस्त पुरावा नाही. फसलेल्या बोअरचीही नोंद तितकीच घ्यायची. मघाच्या उदाहरणात केसिंग मातीसकट 44 फूट, म्हणजे साडेतेरा मीटर, गेलं तर मुरूम आठ नसून बारा मीटर निघाला. 0.4 तसाच ठेवून 12 ला त्याने भागलं की त्या शिवारातल्या मुरमाची रोधकता 20 नसून 30 ठरते. शेजारच्या गटात पुढचं वाचन लावताना 30 धरूनच सुरुवात करायची.